खिडकीची सहा भोकं

आमच्या बिल्डिंगमध्ये ओल कुठेही आली तरी ती वरच्यांची असते. दुसऱ्या मजल्यावरची ओल तिसऱ्याची, तिसऱ्यावरची चौथ्याची, आणि सातव्याच्या वर कोणी राहत नाही म्हणून त्यांची ओल बिल्डरची. स्वतःची ओल असलेला माणूस घणसोलीत अजून जन्माला यायचाय. माझा नवरा तर तो नक्कीच नाही.

नवऱ्याचं नाव मधुकर. समोर मी 'अहो' म्हणते, इथे तेवढी तसदी घेणार नाही. रबाळ्याच्या एका कारखान्यात त्याने एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली. म्हणजे दुसऱ्यांनी केलेला माल हातात घ्यायचा, उजेडात धरायचा आणि नापास करायचा. रिटायर झाल्यावर माल यायचा थांबला, सवय कशी थांबणार? आता माझी पोळी उजेडात धरली जाते. सोसायटीने त्याचे हे गुण हेरले आणि त्याला मेंटेनन्स सब-कमिटीचा प्रमुख केलं. सब-कमिटीत तो एकटाच आहे.

प्रमुख झाल्यापासून तो रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर घराच्या देखभालीचे मेसेज टाकतो. कुठून तरी आलेले, पुढे ढकललेले. मे महिन्यात त्याने एक लांबलचक यादी टाकली होती: 'घर टिकवायचंय? या पंचवीस गोष्टी विसरू नका.' त्यातल्या पहिल्या चार गोष्टी मोबाइलवर दिसायच्या आणि खाली 'अजून वाचा' असं यायचं. चौऱ्याऐंशी घरांपैकी साठेक घरांनी अंगठे दाखवले. 'अजून वाचा' मात्र त्यांच्यातल्या कोणी दाबलं नाही. यादी टाकणाऱ्यानेही दाबलं नव्हतं, हे मला पुढे कळलं.

त्याच महिन्यात ऋषीच्या खोलीत पालीचं पिल्लू निघालं. ऋषी आमचा मुलगा. बंगळुरूला असतो, वर्षातून दोनदा येतो आणि त्यातही अर्धे दिवस मित्राकडे राहतो. त्याच्यासाठी आम्ही एक खोली नवी ठेवली आहे. नवी म्हणजे अगदी नवी. गादीवरचं प्लास्टिक काढलेलं नाही, एसीवरचा स्टिकर काढलेला नाही, खाली लाकडी फ्लोअरिंग आहे आणि त्यावर अनवाणी चालायचं असा नियम आहे. खोलीला कुलूप असतं. रविवारी सकाळी झाडण्यापुरतं ते उघडतं.

पिल्लू सापडलं नाही, पण मधुकरने तपास सोडला नाही. बेडखाली वाकून झालं, पडद्यामागे बघून झालं, आणि शेवटी तो खिडकीपाशी गुडघे टेकून बसला. सरकती खिडकी ज्या ट्रॅकवरून सरकते, त्याच्या तळाशी बाहेरच्या अंगाला बारीक भोकं होती. त्याने मोजली. सहा निघाली.

"हे बघ," तो म्हणाला. "त्या तळवलीच्या अॅल्युमिनियमवाल्याने भोकं तशीच सोडलीत. याला फिटिंग म्हणतात?"

"कशासाठी तरी ठेवली असतील," मी म्हणाले.

"कशासाठी? पाली यायला?"

खिडकी नापास झाली. मधुकर बाजारातून सिलिकॉनची टूथपेस्टसारखी नळी घेऊन आला आणि त्याने सहाच्या सहा भोकं एकेक करून बुजवली, बोटाने सारखी केली, वरून फडकं फिरवलं. मी बाजूला बॅटरी धरून उभी होते. काम सुबक झालं होतं, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं. उरलेल्या अर्ध्या नळीच्या तोंडात त्याने एक स्क्रू खुपसला आणि नळी ड्रॉवरमध्ये ठेवली. आमच्या घरात काही वाया जात नाही.

जुलैत खाडीकडून वारा सुटला की पाऊस त्या खिडकीवर आडवा बसतो. दुसऱ्या रविवारी मी झाडायला कुलूप काढलं तर खिडकीखालची भिंत खालपर्यंत ओली होती, रंगाला फुगे आले होते आणि फ्लोअरिंगच्या दोन पट्ट्या भाजलेल्या पापडासारख्या वर उचलल्या होत्या. मी मधुकरला हाक मारली. त्याने भिंतीला हात लावला, बोटं चोळून बघितली आणि मग मान वर करून छताकडे पाहिलं.

"वरच्यांकडून येतंय," तो म्हणाला.

"छत तर कोरडं आहे."

"आतून येतंय. पाणी वाट काढतं, मीना. पाणी कधी खालून वर चढतं का?"

याला मी काय उत्तर देणार? पाणी खालून वर चढत नाही हे खरंच आहे. खरी गोष्ट चुकीच्या ठिकाणी ठोकून सांगितली की समोरचा गप्प बसतो, हे मधुकरला कारखान्यात फार लवकर समजलं होतं.

वर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, मुक्ताबाई राहतात. मूळच्या कराडकडच्या. त्यांचे यजमान जोतीराम मार्केटात माथाडी होते. आयुष्यभर पोती वाहून त्यांनी हा फ्लॅट घेतला आणि गृहप्रवेशानंतर दोन वर्षांत वारले. आता मुलगा बाबासो तेच काम करतो. बिल्डिंगमधल्या बाकीच्या लोकांनी फ्लॅट कर्जावर घेतलेत आणि कर्ज अजून चालू आहे, पण वागण्यात रुबाब आपलाच जास्त.

मुक्ताबाईंच्या ड्राय बाल्कनीत एक दगड आहे. धुण्याचा. काळा, पाटाएवढा, मधे झिजून खोलगट झालेला. सासूच्या हातचा दगड तो. मुक्ताबाई लग्नानंतर तळवलीला भाड्याच्या खोलीत राहायला आल्या तेव्हा त्यांना तिथल्या मोरीत धुणं जमेना, म्हणून जोतीरामनी गावाहून येणाऱ्या कांद्याच्या ट्रकमध्ये पोत्यांखाली घालून तो दगड आणला होता. मुक्ताबाई हे सांगताना हसतात. "पोरी कानातलं मागत्यात, म्या धोंडा मागितला," म्हणतात. रोज सकाळी सहाला त्या दगडावर बाबासोचे मार्केटातले कपडे आपटले जातात. धप, धप, धप. वीसेक मिनिटं चालतं. आमच्या बिल्डिंगला तो आवाज पहिल्या दिवसापासून खुपत होता. पण आवाजाबद्दल तक्रार करायची कशी? पाचव्या मजल्यावर ड्रम वाजतो, त्याला क्लास म्हणतात.

ओल आली आणि सगळ्यांची सोय झाली. मधुकरने दोन पानी अर्ज लिहिला. दगडावर कपडे आपटल्यामुळे स्लॅबला हादरे बसतात, हादऱ्यांमुळे बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी वाट काढतं. सोबत आमच्या भिंतीचे चार फोटो जोडले. वरच्या बाल्कनीचा एकही नव्हता, कारण वर जाऊन बघावं असं त्याला वाटलं नव्हतं.

मीटिंग नेहमीप्रमाणे खाली पार्किंगमध्ये भरली. सेक्रेटरी सौरभ, आयटीतला तरुण मुलगा, मीटिंगमध्येही एका कानात फोनचं ते बिनवायरचं बोंडूक घालून बसतो. त्याने अर्ज वाचला. मुक्ताबाई प्लास्टिकच्या खुर्चीत पदर सावरून बसल्या होत्या.

"आवं, म्या बारा म्हैनं धुतीया," त्या म्हणाल्या. "चैत-वैशाखात का न्हाय गळलं?"

"उन्हाळ्यात वाळतं," मधुकर म्हणाला.

"वरून गळतंय म्हणता, मग सिलिंगला डाग हाय का?"

"आतून येतंय, मुक्ताबाई. हे टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळायचं."

लोकांनी माना डोलावल्या. एक बाई म्हणाल्या की आजकाल दगडावर धुतं तरी कोण, बिल्डिंगच्या लुकचा प्रश्न आहे. सौरभने हात वर करायला सांगितले. दगड खाली आणून ठेवावा, या बाजूने एकोणचाळीस हात वर झाले. त्यात एक माझा होता. माझ्या नवऱ्याच्या अर्जाला मीच हात वर केला नसता तर कसं दिसलं असतं, असा मी तेव्हा विचार केला. लोकांना कसं दिसेल याच्यापुढे माझा विचार त्या दिवशी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. मुक्ताबाई मोबाइल घेऊन दारात उभ्या होत्या.

"वैनी, साहेब हायती का?"

"झोपलेत. काय झालं?"

"साहेबांनी यादी टाकलीया ना ग्रुपवर, पंचवीस गोष्टींची. म्या तवाच समदी वाचली हुती. चौथीपत्तूर शिकले म्या, बोट ठिवून वाचती, चार दिस लागलं. काल परत काढली, म्हनलं धोंडा ठिवू नगा असं त्यात कुटं लिवलंय का बगावं. न्हाय लिवलं." त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "पर ह्यो सतरा नंबर बगा."

मी वाचलं. 'सरकत्या खिडकीच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूस बारीक छिद्रे असतात. आत आलेले पावसाचे पाणी त्यांतून बाहेर जाते. पावसाळ्यापूर्वी ती टाचणीने मोकळी करावीत. कधीही बुजवू नयेत.'

"तुमच्या खिडकीला भोकं हायती का?" मुक्ताबाईंनी विचारलं. "माज्या खिडकीची म्या साफ केली. सा नंबरला गच्चीची जाळी लिवलीया, ती पन केली. लई पाला हुता."

यंदा गच्चीत पाणी तुंबलं नाही याचं श्रेय मधुकरने गेल्याच आठवड्यात ग्रुपवर सब-कमिटीला दिलं होतं. सब-कमिटी म्हणजे कोण, हे मी आधीच सांगितलंय.

"बघते हं मी," असं मी मुक्ताबाईंना म्हणाले आणि दार लावलं.

आणि मी बघितलं नाही. बघायचं काय होतं? भोकं बुजवताना बॅटरी मीच धरली होती. त्याच क्षणी मला सगळं समजलं होतं. पण ठराव पास झाला होता, नवरा आत घोरत होता, आणि सगळ्या बिल्डिंगसमोर त्याचं हसं होईल याची मला भीती वाटली. त्याच्यापेक्षा एका म्हातारीचा दगड गेलेला परवडला, असा हिशोब मी दाराला पाठ लावून केला. याची मला अजून लाज वाटते. हे लिहितानाही वाटते आहे.

दोन दिवसांनी दगड उतरवला. लिफ्टमधून जड वस्तू नेऊ नयेत, अशी मधुकरनेच गेल्या वर्षी लावलेली पाटी लिफ्टच्या दारावर आहे, त्यामुळे वॉचमन आणि सफाईची दोन माणसं जिन्याने दगड घेऊन आली. आमच्या मजल्याच्या वळणावर तो निसटला आणि त्याचा एक कोपरा उडाला. मुक्ताबाई कठडा धरून वरून बघत होत्या. दगड खाली वॉचमनच्या केबिनशेजारी टाकला गेला. वॉचमन त्यावर डबा ठेवायला लागला आणि ऊन पडलं की एक कुत्रं त्यावर झोपायला लागलं.

सहाची धपधप बंद झाली. मुक्ताबाई बाथरूममध्ये बादलीत कपडे चुबकत बसायच्या. बाबासोच्या शर्टांवरचे मिरचीचे आणि कांद्याचे डाग निघेनात, हे दोरीवर बघितलं तरी कळायचं.

भिंत अर्थातच ओलीच राहिली. रविवारी मी ऋषीची खोली उघडली तर खिडकीच्या ट्रॅकमध्ये काठोकाठ पाणी होतं आणि ते आतल्या बाजूने भिंतीवरून शांतपणे उतरत होतं. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि पहिल्या भोकात खुपसला. सिलिकॉनचा पांढरा तुकडा बाहेर आला आणि पाणी सुळकन बाहेरच्या बाजूला गेलं. दोन मिनिटांत ट्रॅक रिकामा झाला.

मी मधुकरला बोलावलं आणि दुसरं भोक उघडून दाखवलं. मग माझ्या हातातून आकडा घेऊन उरलेली चार त्याने स्वतः उघडली, खाली पडलेले सगळे तुकडे वेचले आणि कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी टाकले.

"आता मुक्ताबाईंना सांगायला हवं," मी म्हणाले.

"सांगू. घाई काय आहे? भिंत वाळू दे आधी."

बुधवारपर्यंत टेबलफॅन लावून भिंत वाळली. गुरुवारी सकाळी ग्रुपवर मेसेज आला: 'सर्व सभासदांना कळविण्यास आनंद होतो की तिसऱ्या मजल्यावरील दगड हटविल्यानंतर दुसऱ्या मजल्यावरील गळती पूर्णपणे थांबली आहे. वेळीच केलेल्या कार्यवाहीने मोठे नुकसान टळते. रविवारी सकाळी कमिटीने प्रत्यक्ष पाहणीस यावे. आपला, मधुकर.' खाली टाळ्या वाजवणारे हात होते, मी मोजायचे सोडून दिले. पाचव्या मजल्यावरच्यांनी लिहिलं होतं की सहाव्या मजल्यावरच्या कुंड्यांचाही असाच विचार व्हावा.

मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले. "हे काय लिहिलंय तुम्ही?"

"खोटं काय आहे त्यात? दगड हटवला. नंतर गळती थांबली. क्रम बरोबर आहे."

"आणि मुक्ताबाई?"

"त्यांना सवय होईल. उद्या मशीन घेतील. सगळ्यांच्या भल्याचंच आहे."

मला आयुष्यात इतका राग क्वचित आला असेल. भांडले असते तर तो जिंकला असता, नेहमी जिंकतो. पाणी खालून वर चढतं का, असं काहीतरी विचारलं असतं आणि मी गप्प बसले असते. म्हणून मी भांडले नाही. शुक्रवारी दुपारी तो झोपला, तेव्हा मी ड्रॉवर उघडून ती सिलिकॉनची अर्धी नळी काढली, स्क्रू ओढून काढला, ट्रॅक कोरडा पुसला आणि सहाही भोकं परत बुजवली. बॅटरी तोंडात धरली होती. बोटाने सारखी केली, वरून फडकं फिरवलं. माझंही काम सुबक झालं. मग कुलूप लावलं आणि चहा टाकला.

शनिवारी दिवसभर आडवा पाऊस झाला.

रविवारी अकराला कमिटी आली. सौरभ, खजिनदार आणि ड्रमवाल्या मुलाचे वडील. मधुकरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी मुक्ताबाईंना आदल्या दिवशी जिन्यात गाठून चहाला बोलावलं होतं. त्या आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या, आत बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. बरोबर बाबासो होता, रविवारच्या सुटीतला, हाताची घडी घातलेला. मधुकरला त्यांना बघून जरा नवल वाटलं, पण मग त्याने हेही पाहणीचाच भाग असल्यासारखी मान हलवली.

"चपला बाहेर," तो म्हणाला. "फ्लोअरिंग आहे." मग त्याने कुलूप काढलं, दार ढकललं आणि कमिटीला आधी आत जाऊ दिलं.

सौरभने आत पाय टाकला आणि लगेच मागे घेतला. त्याचा मोजा भिजला होता. खिडकीखालची भिंत पहिल्यापेक्षा ओली होती, फ्लोअरिंगच्या आता पाच पट्ट्या उठल्या होत्या आणि ट्रॅक काठोकाठ भरून पाणी आत ओघळत होतं.

"काका," सौरभ म्हणाला, "पण वर तर आता दगड नाहीये."

मधुकरचा चेहरा मी नीट बघितला. तो खिडकीकडे गेला, वाकला, ट्रॅकमध्ये बघितलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. एकतीस वर्षं ज्याने माल तपासला त्याला ताजं सिलिकॉन ओळखू येत नाही असं होत नाही.

तरीही तो उभा राहिला आणि म्हणाला, "मला वाटतं, आता त्या बाथरूममध्ये धुतात, त्यामुळे तिथून..."

खजिनदार मान डोलवायला लागला. मी बघत होते, ती मान खरोखर डोलायला लागली होती. आता मुक्ताबाईंची मोरीही फुटली असती. मी अंबाड्यातला आकडा काढला. केस मोकळे होऊन पाठीवर आले. मी आकडा मधुकरसमोर धरला.

"काय हे?" तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत आहे."

"सतरा नंबर," दाराशी उभ्या मुक्ताबाई म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात.

सौरभने मोबाइल काढला. यादी शोधायला त्याला वेळ लागला, मग त्याने बहुधा पहिल्यांदाच 'अजून वाचा' दाबलं आणि सतरा नंबर मोठ्याने वाचला. 'कधीही बुजवू नयेत' हे वाचताना त्याचा आवाज आपोआप हळू झाला. सगळे मधुकरकडे बघायला लागले.

मला वाटलं, आता हा नाही म्हणणार, चष्मा जवळ नाही असं म्हणणार, काहीतरी टेक्निकल सांगणार. पण त्याने आकडा घेतला. इस्त्रीच्या पँटसकट ओल्या फ्लोअरिंगवर गुडघे टेकले आणि पहिलं भोक उघडलं. पाणी सुळकन गेलं. मग दुसरं. एकेक करत सहाही. शेवटी ट्रॅक रिकामा झाला, आणि भिंतीवरून येणारं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थांबलं.

"मे महिन्यात मीच बुजवली होती," तो खाली बघत म्हणाला. "पालीसाठी."

"आणि बॅटरी मी धरली होती," मी म्हणाले. "मुक्ताबाई मला सांगायला आल्या होत्या. दगड उतरवायच्या आधी. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसले."

मुक्ताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "दार लावताना तुमचं त्वांड बगितलं हुतं म्या."

सौरभ घाईघाईने म्हणाला की दगड आजच वर पोचवू, वॉचमनला सांगतो. बाबासो म्हणाला, "वॉचमन कशाला? मी खांद्यावर टाकतो, दोन मिन्टांचं काम हाय."

"तू न्हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "ज्यांनी हात वर केलं, त्यांनी आनायचा. आन लिफ्टीनं न्हाय. पाटी लावलीया तिथं."

तो दगड चाळीस किलोच्या वर भरेल. एका बाजूला सौरभ, एका बाजूला मधुकर. बाबासो मागे हात बांधून जिन्याने बरोबर चालत होता आणि दर चार पायऱ्यांना सांगत होता. "साहेब, कमरेतून नाय, गुडघ्यातून उचला." "साहेब, दम धरून नाय, सोडत सोडत चढा." पहिल्या मजल्यावर सौरभच्या कानातलं बोंडूक पडून खाली गेलं. दारं उघडून लोक बघत होते. एकोणचाळीस हातांपैकी बाकी कोणी पुढे आलं नाही. माझं काय, असं कोणी विचाराल, तर मी मागच्या बाजूने हात लावला होता. दोन नखं गेली.

आमच्या मजल्यावर, जिथे कोपरा उडाला होता तिथेच, मधुकरला पुढे जाववेना. त्याने दगड खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसला. चेहरा लाल झाला होता, शर्ट पाठीला चिकटला होता. मुक्ताबाई वरून तांब्या घेऊन उतरल्या आणि त्यांनी तो त्याच्या हातात दिला. त्याने घटाघट पाणी प्यायलं आणि मग पहिल्यांदाच बसल्या जागेवर हात फिरवला. मधल्या खोलगट जागेवर, जिथे तीन पिढ्यांचे कपडे आपटून दगड झिजला होता.

"गुळगुळीत आहे," तो म्हणाला.

"व्हय," मुक्ताबाई म्हणाल्या. "चला साहेब, येक जिना र्‍हायला."

दुपारी मधुकरने ग्रुपवर लिहिलं की गळती आमच्याच खिडकीमुळे होती, दगडाचा संबंध नव्हता, आणि यादीतला सतरा क्रमांक सर्वांनी जरूर वाचावा. सोबत यादी परत टाकली. साठेक अंगठे आले. मी ग्रुपमध्ये बघत बसले होते. संध्याकाळी पाचव्या मजल्यावरच्यांनी लिहिलं की त्यांच्या हॉलच्या खिडकीखाली ओल आली आहे आणि सहाव्या मजल्यावरच्यांनी आपल्या कुंड्या ताबडतोब हलवाव्यात.

चहा पिताना मधुकरने विषय काढला. "गेल्या रविवारी आपण भोकं उघडली होती," तो म्हणाला. "परत बुजली कशी?"

"तुम्हीच म्हणता ना, पाणी वाट काढतं," मी म्हणाले. "सिलिकॉनही काढत असेल."

त्याने मला बराच वेळ निरखून पाहिलं, पोळी निरखतो तसं. मग उठला आणि ड्रॉवर उघडला. नळी तिथे नव्हती. त्याने ड्रॉवर लावला आणि परत चहाला बसला.

सकाळी सहाला वर धपधप सुरू होते. पूर्वी तो कानावर उशी घ्यायचा, आता घेत नाही. जागा असतो, छताकडे बघत पडून राहतो. मीही जागी असते. नळी माझ्या साड्यांच्या कपाटात आहे, खालच्या कप्प्यात, तोंडात स्क्रू खुपसून ठेवलेली. अजून थोडं उरलंय.